आप्पांच्या हातचा बुश बदलायचा का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: कोल्हापुरातल्या एका शिक्षिकेने लिहिलंय. वय चाळिशीच्या आसपास. वडील, म्हणजे त्यांचे आप्पा, उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वसाहतीत, टर्नर होते, लेथवर काम करायचे. १९९२ साली त्यांनी नवी यामाहा आरएक्स १०० घेतली आणि जवळजवळ तीस वर्षं तीच चालवली. २०१९ च्या पुरात गाडी सीटपर्यंत पाण्यात होती. आप्पांनी ती धुऊन, ऑइल बदलून पुन्हा रस्त्यावर आणली. तीन वर्षांपूर्वी आप्पा गेले आणि गाडी उभी राहिली. गेल्या दिवाळीनंतर ताईंनी ती माहेराहून आपल्या पोर्चमध्ये आणली आणि व्हिडिओ बघत खोलायला घेतली. हेड उतरलं, सिलिंडर निघाला, पिस्टनवर ओरखडे दिसले आणि काम थांबलं. आठ महिने झाले, सगळं बिस्किटाच्या डब्यांत पडून आहे. बघायला बोलावलेला गॅरेजवाला म्हणाला, 'ह्यातलं निम्मं ओरिजिनल न्हाई. मागच्या चिमट्याला कुणीतरी लेथवर बुश काढून बसवलाय. हे सगळं काढा, जपानी पार्ट शोधा, मग किंमत येईल.' (चिमटा म्हणजे मागचं चाक धरणारा, वरखाली हलणारा दुहेरी दांडा; बुश म्हणजे त्याच्या सांध्यातली धातूची नळी.) पुण्यातला धाकटा भाऊ म्हणतो, 'आक्का, एकजण लाखभर देतोय, देऊन टाकू.' आई म्हणते, 'होती तशी बरी होती की. कशाला खोललीस?' ताई विचारतात: 'शोरूमसारखी करू, गॅरेजला देऊ की विकू? आणि मी आप्पांची गाडी बिघडवली का?'

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं तिथेच अडलंय. तुम्ही गाडी बिघडवलेली नाही. पिस्टनवरचे उभे ओरखडे पाना लावल्याने येत नाहीत. इंजिन चालू असताना तेलाचा थर तुटतो, पिस्टन सिलिंडरला घासतो, तेव्हा ते येतात. ते तुमच्या आधीचेच आहेत. तुम्ही हेड उतरवलं नसतं आणि कुणी हौसेने गाडी सुरू करून शिरोलीपर्यंत पळवली असती, तर पिस्टन जाम होऊन मागचं चाक भर रस्त्यात अडकलं असतं. टू-स्ट्रोक चालवणाऱ्या जुन्या माणसांची दोन बोटं कायम क्लचवर असायची, ती ह्याच भीतीने. आईंना हे नीट समजावून सांगा. खोलली म्हणून कळलं.

पण हे ओरखडे कशाने आले ते शोधल्याशिवाय नवा पिस्टन टाकू नका. नाहीतर तोही घासेल. आरएक्समध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या पेटीत, येतं आणि तिथून वर सिलिंडरमध्ये जातं. म्हणून क्रँककेस हवाबंद हवी. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी ऑइल सील असतात आणि उभ्या गाडीत ते कडक होतात. डाव्या बाजूचा, मॅग्नेटकडचा सील गेला की तिथून जास्तीची हवा आत शिरते, पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं, पिस्टन घासतो. उजव्या बाजूचा, क्लचकडचा गेला की गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं आणि सायलेन्सरचा पांढरा धूर थांबत नाही. आईंना किंवा भावाला विचारा: शेवटी शेवटी गाडी फार धूर काढायची का, की अॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिन चढतंच राहायचं? ह्या एका आठवणीवरून कुठला सील गेला ते कळतं. बदलताना मात्र दोन्ही बदला.

दुसरा संशय ऑइल पंपावर. आरएक्समध्ये ऑइलची टाकी वेगळी असते आणि पंप अॅक्सिलरेटरच्या मानाने ऑइल सोडतो. पंपाच्या बारक्या पाइपमध्ये हवेचा बुडबुडा अडकला किंवा केबलची जुळणी चुकली, तर इंजिन कोरडं चालतं. पाइप पारदर्शक असतो. बुडबुडा डोळ्यांना दिसतो.

आता मोठा प्रश्न. तुमच्या पत्रात 'ओरिजिनल' हा शब्द सात वेळा आलाय. मी मोजले. पहिल्या पानावर एकदाही नाही, आणि गॅरेजवाला येऊन गेल्याचं लिहिलंय तिथून पुढे सात वेळा. पहिल्या पानावर तुम्ही आप्पांबद्दल लिहिलंय: टाकीवर पुढे बसवून शाळेत सोडायचे, हँडलच्या मधल्या आडव्या दांडीला तुम्ही धरायचात आणि थंडीत इंजिनची ऊब पायांना लागायची.

म्हणून मी विचारतो, ओरिजिनल म्हणजे कुठल्या दिवशीची गाडी? १९९२ साली शोरूममधून बाहेर पडली त्या दिवशीची? ती गाडी आप्पांकडे जेमतेम आठवडाभर तशी राहिली असेल. त्यानंतर तीस वर्षं ती उद्यमनगरच्या शेडबाहेर उभी राहिली, कारखान्याच्या धुळीत मळली, पुरात बुडली आणि पुन्हा पुन्हा त्यांच्या हातून दुरुस्त होत गेली. तुमच्या पोर्चमध्ये आहे ती ही गाडी आहे.

त्या बुशबद्दल तुम्ही एक ओळ लिहिलीय आणि ती मी चार वेळा वाचली. 'पिवळसर धातूचा आहे, आतून एक बारीक नागमोडी खाच आहे, ती कशासाठी ते कळलं नाही.' ताई, तो गनमेटलचा, म्हणजे तांबं-कथलाच्या मिश्र धातूचा बुश असणार, आणि ती खाच ग्रीससाठी आहे. चिमटा त्या बुशवर वरखाली हलतो. साध्या गुळगुळीत बुशमध्ये ग्रीस कडेला ढकललं जातं आणि मधला भाग कोरडा पडतो. आतून अशी खाच मारली की ग्रीस तिच्यात धरून राहतं आणि सगळीकडे पसरतं. नुसतं काम भागवायचं असतं तर गनमेटलचा गज आणा, भोक पाडा, बाहेरून माप काढा, ठोकून बसवा, एवढ्यावर झालं असतं. आतून खाच मारायला वेगळं हत्यार लावावं लागतं, ते हाताने धीराने चालवावं लागतं आणि वेळ जातो. बाहेरून ती कुणाला दिसत नाही. आप्पांनी ती स्वतःच्या गाडीसाठी, जेवणाच्या सुट्टीत नाहीतर शिफ्ट संपल्यावर मारली असेल. हा बुश काढून बाजारातला पाकिटबंद पार्ट घालायचा सल्ला मी तुम्हाला देणार नाही.

पण भावनेच्या भरात ठेवूही नका. तपासून ठेवा. गाडी जोडल्यावर मधल्या स्टँडवर लावा, मागचं चाक दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे हलवा आणि दुसऱ्या कुणाला तरी चिमट्याच्या सांध्यावर बोट ठेवायला सांगा. बोटाला खट् असा धक्का जाणवला तर बुश झिजलाय, आणि झिजलेल्या बुशवर गाडी वळणावर शेपूट हलवते. तसं असेल तर तो बुश घेऊन उद्यमनगरात जा आणि त्याच मापाचा, त्याच धातूचा, तशाच खाचेचा नवा काढून घ्या. आप्पांच्या बरोबरीचं कुणी अजून लेथवर उभं असेल, तर त्यांच्याकडेच जा. बुश हातात घेतल्याबरोबर कुणाचं काम आहे ते त्यांना कळेल.

आप्पांनी केलेलं सगळंच ठेवा असंही मी म्हणत नाही. ब्रेकचे लाइनर, टायर, क्लच-ब्रेकच्या केबली, चेन आणि पेट्रोलची नळी, ह्यांत आठवणी बघायच्या नाहीत. नवे घाला. क्लचच्या दांड्याला आप्पांनी तांब्याची तार गुंडाळलीय म्हणता, ती राहू द्या. पण त्या दांड्यातली केबल तुटायला आली असेल तर ती आजच्या आज कचऱ्यात.

गॅरेजवाल्याचं बोलणं खोटं नव्हतं, तो बाजाराची भाषा बोलत होता. १९८३ ते १९८६ ह्या काळात जपानी तंत्राच्या गाड्या आपल्याकडे एकामागून एक आल्या: एस्कॉर्ट्सची राजदूत ३५०, टीव्हीएसबरोबर सुझुकीची एएक्स १००, हिरोबरोबर होंडाची सीडी १००, यामाहाची आरएक्स १००, बजाजबरोबर कावासाकीची केबी १००. सुरुवातीच्या काही आरएक्सचे भाग जपानहून येऊन इथे जोडले गेले, म्हणून संग्रह करणारे लोक जपानी शिक्का शोधत फिरतात. त्यांचा तो छंद आहे आणि त्यात वाईट काही नाही. पण तुमची गाडी १९९२ ची, एस्कॉर्ट्सच्या काळात ह्याच देशात बनलेली. तिच्यात शोधून शोधून जपानी भाग बसवले तर त्याला मूळ रूप कसं म्हणायचं? विकायची असेल तर त्या वाटेने जा. ठेवायची असेल तर ती वाट तुमची नाही.

आणि एक सावधगिरी. १९९६ ला बंद झालेल्या गाडीचे 'ओरिजिनल' भाग आज ज्या संख्येने मिळतात, तेवढे खरे असणं शक्य नाही. खोका जुना दिसतो, आत नक्कल असते. कार्बोरेटरच्या बाबतीत हे फार होतं. तुमच्या डब्यात जो मिकुनी कार्बोरेटर आहे तो कितीही काळवंडलेला असला तरी टाकू नका. तो पूर्ण सुटा करून, जेट (पेट्रोल सोडणारे बारीक भोकाचे स्क्रू) एकेक काढून, क्लीनरने आणि हवेने साफ करा. जेटच्या भोकात तार घालू नका, भोक मोठं होतं. झिजला नसेल तर साफ केलेला जुना कार्बोरेटर बहुतेक वेळा नव्या नकलेपेक्षा चांगला चालतो.

आता 'स्वतः करू की गॅरेजला देऊ'. हा प्रश्न असा दोन टोकांचा का केलाय? आप्पा स्वतः टर्नर होते, तरी सीटचं कव्हर त्यांनी शिवलं नसणार. घरी करायची कामं वेगळी, बाहेर द्यायची वेगळी.

घरी तुमचं पहिलं काम पाना हातात घेण्याचं नाही. एका रविवारी पोर्चमध्ये जुनी चादर पसरा, सगळे डबे रिकामे करा आणि भाग लावा: इंजिन एकीकडे, चाकं एकीकडे, वायरिंग एकीकडे. प्रत्येक गटाला पिशवी, पिशवीवर चिठ्ठी. इंजिनच्या साइड कव्हरचे स्क्रू सगळे एका लांबीचे नसतात. जाड पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढा आणि ज्या जागेचा स्क्रू त्या जागी खोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर आतल्या कव्हरला तडा जातो; आखूड लांब जागी गेला तर दोनच आट्यांवर धरतो आणि आटे जातात. हा एक दिवस नीट गेला की आठ महिन्यांचं ओझं निम्मं होईल. काय आहे आणि काय नाही, एवढंच न कळल्याने बरीच कामं अडतात.

फुलीच्या स्क्रूबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण जपानी गाडीवर नव्या माणसाचा हात इथेच पोळतो. त्या स्क्रूची फुली साध्या स्टार स्क्रू ड्रायव्हरसारखी दिसते, पण वेगळी असते. तिला जेआयएस म्हणतात, म्हणजे जपानी मापाची. साधा ड्रायव्हर तिच्यात तळापर्यंत बसत नाही, जोर दिला की वर निसटतो आणि फुली गोल करून टाकतो. जेआयएसचा ड्रायव्हर विकत घ्या, फार महाग नसतो. अडकलेल्या स्क्रूसाठी हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. आधी स्क्रूवर गंज सोडवणारं ऑइल मारून रात्रभर ठेवा, सकाळी एक सरळ, दमदार ठोका. पाच हलके ठोके मारण्यापेक्षा एक नेमका बरा.

पिस्टनची पिन काढाल तेव्हा खालच्या क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबून मगच सर्क्लिपला, म्हणजे पिन जागेवर धरणाऱ्या तारेच्या कडीला, हात लावा. मी माझ्या टू-स्ट्रोकवर हे केलं नव्हतं. एवढीशी तार, पकडीतून उडाली आणि क्रँककेसमध्ये गेली. चुंबक घातलं, गाडी आडवी केली, शेवटी अख्खं इंजिन उतरवून दोन भाग करावे लागले. तीन आठवडे आणि दोन हजार रुपये एका फडक्यापायी गेले. सर्क्लिप पुन्हा वापरू नका, नवीनच घाला. पिस्टनच्या डोक्यावर बाण असतो, त्याचं तोंड सायलेन्सरकडे हवं. रिंगांच्या खाचेत बारीक खुंटी असते, रिंगेची दोन्ही टोकं तिच्या दोन बाजूंना बसली पाहिजेत, नाहीतर सिलिंडर चढवताना रिंग मोडते.

बाहेर द्यायचं ते असं: सिलिंडरचं बोअरिंग (आतून कापून थोडं मोठं करणं), क्रँकची जुळणी, वेल्डिंग, चाकांचे आरे ओढणं. बोअरिंगसाठी अख्ख्या महाराष्ट्रात कोल्हापूरइतकं सोयीचं गाव थोडकंच असेल. उद्यमनगरात ऑइल इंजिनांपासून ही कामं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीत. फक्त क्रम पाळा: आधी पिस्टन विकत घ्या, मग बोअरिंगला द्या. आरएक्सचा मूळ बोअर ५० मिलिमीटरचा, मोठे पिस्टन पाव पाव मिलिमीटरने वाढत जातात. तुमच्या सिलिंडरचं आधी किती वेळा बोअरिंग झालंय ते पिस्टनच्या डोक्यावर कोरलेल्या आकड्यावरून बऱ्याचदा कळतं. आधीच १ मिलिमीटर वाढलेला असेल तर पुढची जागा उरत नाही, मग सिलिंडरला आतून नवी स्लीव्ह, म्हणजे लोखंडी नळी, घालावी लागेल. पिस्टन हातात देऊन 'ह्याला बोअर करा' म्हणालात की कारागीर मोकळीक त्या पिस्टनप्रमाणे ठेवतो. क्रोमचं काम घरी करायचे व्हिडिओ दिसतात, ते बघूही नका. त्यातली रसायनं फुप्फुसाला आणि कातडीला घातक आहेत.

घरात मुलं आहेत म्हणून हेही लिहितो. भाग धुवायला पेट्रोल नको, डिझेल वापरा, तेही उघड्यावर. पोर्चला लागून देवघर आहे म्हणता, तिथे संध्याकाळी समई पेटते; पेट्रोलची वाफ जमिनीलगत सरपटत जाते. जुन्या ब्रेक लाइनरच्या धुळीत अॅस्बेस्टॉस असू शकतं. ड्रम उघडल्यावर फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसून फडकं टाकून द्या.

हेडलाइटच्या वाटीत करडा वाळलेला गाळ निघाला, असं तुम्ही लिहिलंय. पंचगंगेचा तो गाळ जिथे शिरला तिथे अजून आहे. चाकांची बेअरिंगं, ब्रेकचे ड्रम, स्पीडोमीटरची केबल, वायरींचे जोड, सगळीकडे. बेअरिंग हातात धरून फिरवा, खरखर लागली की नवीन. वायरिंग मात्र लगेच कापून नवं टाकायच्या फंदात पडू नका. जोड एकेक सोडवा, हिरवट झालेली पितळी टोकं बारीक पॉलिश पेपरने घासा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पुन्हा बसवा. उभ्या गाडीच्या लाइटच्या तक्रारींतल्या कितीतरी इथेच मिटतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या गाड्या बुडाल्या, त्या सगळ्यांसाठी हे सांगतोय. वरून धुतलेली गाडी आतून धुतलेली नसते.

टाकीत गंज असेल. नळ काढून तोंडं बंद करा, आत व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाचं पाणी भरा, मूठभर नट टाका, दिवसभर अधूनमधून हलवत ठेवा. ओता, नट एकूण एक मोजून बाहेर काढा, खायच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारा, लगेच कडक वाळवा आणि आतून थोडं टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल फिरवा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्या जिल्ह्यातल्या उसापासूनच बनतं ते, त्याच्याशी भांडण नाही. पण इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि १९९२ चं रबर त्याच्यासाठी बनलेलं नव्हतं. नळी, नळाचे वॉशर, कार्बोरेटरची गॅस्केट इथेनॉल सोसणारी घाला आणि पेट्रोल भरून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका.

रंगाला अजून वेळ आहे. तुम्हाला टाकी आधी रंगवायची घाई झालीय, पत्रातून कळतं. थांबा. आधी गाडी चालू द्या, मग चकचकीत करा. रंगवताना चासी नंबर आणि इंजिन नंबर घासले जाणार नाहीत, जाड रंगाने बुजणार नाहीत, एवढं बघा. त्या आकड्यांवर सगळी कागदपत्रं उभी आहेत.

कागदपत्रांचं मी खरं तर आधी सांगायला हवं होतं. इंजिनवर आणखी पैसा घालण्याआधी आरसी बुक काढून तारीख बघा. दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर नमुना २५ भरून, गाडी आरटीओत दाखवून, पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. १९९२ ची गाडी म्हणजे २००७, २०१२, २०१७ आणि २०२२, असे चार टप्पे. आप्पा आजारी असताना शेवटचा राहिला असण्याची शक्यता मोठी. मालक वारल्यावर नाव बदलायला नमुना ३१ लागतो, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती. शिवाय २०१९ च्या एप्रिलआधीच्या गाड्यांना एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट बसवावी लागते. एजंटला गाठण्याआधी आरटीओत स्वतः जाऊन किती रक्कम थकलीय ते विचारून या. ५० वर्षांपुढच्या गाड्यांना जुन्या वारशाची वेगळी नोंदणी मिळते, पण तुमची गाडी त्या वयाची नाही.

इथे भावाचा प्रश्न आपोआप येतो, कारण त्याची सही लागणार आहे. तुम्ही लिहिता, 'त्याला काही वाटत नाही.' मला तसं दिसत नाही. त्याने आठ महिने डब्यांतली गाडी बघितलीय, तुमचा चेहरा बघितलाय आणि एक गिऱ्हाईक शोधून आणलंय. पुण्यात बसून त्याला तेवढंच करता येत होतं. लाखभराची गोष्टही खोटी नाही, ह्या गाड्यांना आज भाव आहे, आणि गाडी आईची व तुम्हा दोघांची आहे, एकट्या तुमची नाही. त्याला स्पष्ट विचारा: 'तुझा वाटा पैशात हवाय का?' हवा असेल तर रक्कम ठरवा, हप्त्याने द्या. नको असेल तर त्याला एक काम द्या. पुण्याच्या जुन्या बाजारात दर्जेदार ऑइल सील आणि पिस्टन किट शोधणं हे त्याला जमेल. तो आला की त्याच्यासमोर सिलिंडर चढवा.

आईंना दुसरं काही समजावू नका. तो बुश साफ करून त्यांच्या हातात ठेवा आणि खाच दाखवा.

विकायचं दार मी बंद करत नाही. आरटीओचा खर्च आणि इंजिनचा खर्च मिळून झेपत नसेल, किंवा पोर्चमधले डबे बघून रोज जीव कासावीस होत असेल, तर चालवणाऱ्या माणसाला विका. बुशबद्दल त्याला सांगून विका. फक्त सुट्या डब्यांच्या स्थितीत विकू नका. खोललेल्या गाडीला कुणी निम्मीही किंमत देत नाही, आणि गिऱ्हाईक बहुतेक तिचे भाग करून विकणारं असतं.

ठेवलीत तर पुढचं सांगतो. पहिल्या टाकीला ऑइल पंपाच्या भरवशावर राहू नका, पेट्रोलमध्येही थोडं टू-टी ऑइल मिसळा; पंप नीट चालतोय ह्याची खात्री झाली की बंद करा. बोअरिंगनंतर पहिले ५०० किलोमीटर दमाने. रंकाळ्याभोवती, विद्यापीठाच्या रस्त्याने, सकाळी थंड हवेत फिरवा. पन्हाळ्याचा चढ आणि जोतिबाचा घाट तेवढ्यात नको. एकाच वेगात लांब चालवू नका, अॅक्सिलरेटर कमीजास्त करत राहा. दर शंभर किलोमीटरला प्लग काढून बघा: चहा-बिस्किटाच्या रंगाचा असला तर बरोबर, ओला काळा असला तर पेट्रोल-ऑइल जास्त, पांढरा दिसला की तिथल्या तिथे थांबा, हवा कुठून शिरतेय ते शोधा. शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर तेच ओरखडे नव्या पिस्टनवर येतील.

हेच इतर वाचकांनाही लागू आहे. सीडी १०० सारखी फोर-स्ट्रोक असेल तर टॅपेट आणि इंजिन ऑइल ही तुमची नाडी. राजदूत ३५० असेल तर दोन प्लॅटिनम पॉइंट आणि दोन कार्बोरेटर यांचा मेळ, आणि तो मेळ शिकवणारा म्हातारा मिस्त्री जिवंत असेपर्यंत त्याच्याकडे जाऊन बसा.

नंतरची देखभाल फार नाही, पण नेमाची आहे. आठवड्यातून एकदा गाडी बाहेर काढून निदान पंधरा-वीस मिनिटं खरंच चालवा. जागेवर दोन मिनिटं सुरू करून बंद केली तर इंजिन तापत नाही, आत दमट वाफ धरते आणि गंज चढतो. घरी येताना गल्लीच्या तोंडाशी पेट्रोलचा नळ बंद करा, म्हणजे दारात पोहोचेपर्यंत कार्बोरेटरमधलं बरंचसं पेट्रोल संपतं. पावसाळ्यात प्लास्टिक गुंडाळू नका, आत घाम धरतो, सुती चादर टाका. आणि वर्षातून एकदा, पाऊस संपल्यावर, मागचं चाक काढून चिमटा उतरवा, जुनं ग्रीस पुसा, आणि त्या खाचेत बोटाने नवं भरा.